साखळीची योग्य जागा

राजेंद्र नगर, इंदूर
१० फेब्रुवारी २०२५

चि. ज्ञानदीप यास,
सप्रेम जयभीम व आशीर्वाद. वि. वि.

तू दोन गल्ल्या सोडून राहतोस, तरी पत्र लिहितो. कारण रहिवासी समितीला सगळे लेखी लागते आणि तू तिचा सचिव आहेस. प्रतिपक्षाचे म्हणणे आधी मांडावे, ही आपल्या महूच्या घरची रीत. ती पाळतो. फूटपाथ पायी चालणाऱ्यांचा, त्यावर सायकल चालवू नये, मी चालवली, म्हणून समितीने ती जप्त करून फाटकाशी साखळीने बांधली. इथवर मान्य.

आता माझे म्हणणे. फूटपाथशेजारी सायकलपट्टी आखलेली आहे, रस्त्याच्या बाजूने तिला कठडा आहे. तिच्यावर मोटारी उभ्या असतात, त्यांत एक तुझी. पलीकडे रस्त्यावर डंपर धावतात. सायकलला दंड आणि मोटारीला मोकळीक, याला नियम म्हणत नाहीत, सोय म्हणतात. सबब समितीने मागितलेला माफीनामा मिळणार नाही. विहारातल्या मुलींच्या वादविवादाच्या वर्गाला मी पायी जातो, उशिरा पोहोचतो आणि उशिराचे कारण त्यांना खरे सांगतो.

काकूने तिळाच्या वड्या केल्या आहेत. त्या जप्त होण्याआधी घेऊन जा. मतभेदाने लोभ उणावू नये.

तुझा,
तात्याकाका

१२ फेब्रुवारी

ती. काकांस,
सविनय जयभीम. वि. वि.

पत्र वाचून मैत्री पोट धरून हसली; नवऱ्याची फजिती तिला फार आवडते. मी मात्र फसलो आहे. अध्यक्ष बाबूराव भर मीटिंगमध्ये म्हणाले की सेक्रेटरीसाहेबांचे काकाच कायदा तोडतात, आता तात्याजींनी पैदल चलावं, सेहत बनेल. सगळे हसले. मी ते इतिवृत्तात लिहून घेतले.

काका, दोन ओळींची माफी, बस. नसेलच जमत, तर किल्ली पाकिटात ठेवली आहे. दुपारी लोक आराम करतात, तेव्हा गुपचूप सायकल न्या. मी बघितलंच नाही. माझी गाडी आजपासून अंगणात लावतो. बाकीच्यांना सांगायची हिंमत नाही. रागवा, पण माया असू द्या.

आपला,
ज्ञानदीप

१४ फेब्रुवारी

चि. ज्ञानदीप यास,
सप्रेम जयभीम. वि. वि.

किल्ली मिळाली. गुपचूप हा शब्द तुला कोणी शिकवला? मी नाही.

त्याच साखळीत शेजारच्या कीर्तीची आणि घरोघरी स्वयंपाक करणाऱ्या अंबिकाबाईंची सायकल अडकली होती. म्हणून काल संध्याकाळी, सगळे फिरायला निघतात तेव्हा, कुलूप उघडले आणि तिन्ही सायकली सोडवल्या. बाबूरावांनी विचारले की हे कोणत्या अधिकाराने. मी विचारले की जप्ती कोणत्या अधिकाराने. ते पोह्यांच्या गाडीकडे गेले.

साखळी समितीची आहे. ती मी ठेवून घेतलेली नाही. आज सकाळी मोटारी कामावर गेल्यावर, पट्टी रिकामी असताना तिच्या दोन्ही तोंडांचे खांब गाठले आणि दोन तुकडे करून ती तिथे बांधली. कडेने सायकल जाते, मोटार जात नाही. एका तुकड्याला समितीचे कुलूप, दुसऱ्याला माझे. किल्ल्या माझ्याजवळ आहेत. हव्या असल्यास समितीने लेखी मागणी करावी; माफीनामा जोडण्याची गरज नाही.

तुझी गाडी अंगणात पाहिली. तेवढे बरे वाटले.

तात्याकाका

१५ फेब्रुवारी

ती. काकांस,
सविनय जयभीम. वि. वि.

बाबूरावांनी हुकूम दिला आहे की समितीच्या कुलपाची जादा किल्ली सेक्रेटरीकडे असते, तिने साखळी काढा, नाहीतर राजीनामा द्या. जादा किल्ली या पाकिटात आहे.

राजीनामा देणार नाही. उद्या मीटिंग आहे. प्रतिपक्षाचे म्हणणे आधी मांडीन. मग माझे मांडेपर्यंत खाली बसणार नाही.

वड्या संपल्या. आशीर्वाद असावा.

आपला,
ज्ञानदीप