हंपीसाठी कॅमेरा

३ नोव्हेंबर, सोमवार
आई महिनाअखेरीस नागपूरहून येणार. डिसेंबरात तिला घेऊन हंपी. तिने शाळेत जन्मभर इतिहास शिकवला, दरवर्षी फळ्यावर हंपीचा दगडी रथ काढला, पण प्रत्यक्ष रथ कधी पाहिला नाही. तेव्हा ठरलं: रथासमोर आईचा असा फोटो काढायचा की नागपूरकरांनी मुकाट्याने भिंतीवर लावावा. तोही फोनने नाही. खरा डिजिटल कॅमेरा. परवडणारा, पण खरा. या आठवड्यात विषय संपवतो.
कस्तुरी म्हणाली, फोन आहे की. मी नुसता हसलो. बायकोशी कलेवर वाद घालू नये.

७ नोव्हेंबर
घाई करायची नाही, आधी अभ्यास. सेन्सर म्हणजे काय ते आज समजलं, नॉइज म्हणजे फोटोत येणारे दाणे हेही. उद्या परत समजून घ्यावं लागेल.
ऑफिसच्या मीटिंगमध्ये स्वतःचा कॅमेरा बंद ठेवून दुसऱ्यांच्या कॅमेऱ्यांचे व्हिडिओ पाहिले. मॅनेजरने अचानक माझं मत विचारलं. म्हणालो, लो लाइटमध्ये नॉइज फार येतो. सगळे विचारात पडले.

९ नोव्हेंबर, रविवार, सकाळ
निर्णय झाला. खिशात मावणारा छोटा कॅमेरा. अंतिम.

९ नोव्हेंबर, संध्याकाळ
छोटा रद्द. त्याचा सेन्सर नखाएवढा. आई नखात मावणार नाही. आता मोठा, पण सेकंडहँड. हे मात्र अंतिम.

१६ नोव्हेंबर, रविवार
येलहंकाहून थेट जे. पी. नगर, म्हणजे बेंगळुरूच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला. प्राणेश नावाच्या गृहस्थांचा कॅमेरा, ‘फारसा न वापरलेला’. वाटेत फ्लायओव्हरखाली अडकलो. तो वेळ सत्कारणी लावला. फोन करून विचारलं: लेन्सला बुरशी आहे का, पट्टा मूळचाच का, बॉक्स सांभाळलाय का, विकताय का? ते प्रत्येक वेळी ‘सरी सर, बन्नी’ म्हणाले, म्हणजे ठीक आहे, या. पोचलो तर कॅमेरा गेलेला. एका मुलीने काहीही न विचारता घेतला. अशांमुळेच बाजार बिघडतो.
प्राणेशनी कॉफी पाजली. कॉफीत नॉइज अजिबात नव्हता.

२३ नोव्हेंबर
वरच्या मजल्यावरच्या गुंडोअण्णांचा सल्ला घेतला. त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथलं, मराठी कानडी वळणाची. त्यांनी दुपारभर आपल्या सहलींचे अल्बम दाखवले. एकाही माणसाला डोकं नाही. मी भीत भीत विचारलं. म्हणाले, ‘डोकी काय हो, वळखीचीच असतात. गाव नवं, ते स्वल्प जास्त यायला पाहिजे.’
मतभेद आहेत. तरी माणूस ठाम आहे. आवडला.

२९ नोव्हेंबर, शनिवार
आई आली. कॅमेराही आला! शेवटी ऑनलाइन सेलमधून लांब झूमवाला घेतला. चंद्रावरचे खड्डे दिसतात म्हणे. मेमरी कार्ड वेगळं घ्यावं लागतं हे कुणीच सांगितलं नव्हतं. (कस्तुरीने सांगितलं होतं, पण ती तज्ज्ञ नाही.)
आईने हातात घेऊन विचारलं, जड नाही का रे? म्हटलं, दर्जाला वजन असतं.
संकल्प: रोज सराव.

४ डिसेंबर
सराव नाही. ऑफिसात सॉफ्टवेअरचं रिलीज होतं. कार्ड मात्र घेतलं. खरा फोटोग्राफर मैदानातच घडतो.

६ डिसेंबर, शनिवार, हंपी
सकाळी सगळ्यांना सांगितलं, फोन खोलीवर ठेवा, हौशी लोकांसारखं दिसतं. कस्तुरीने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि फोन ठेवला. शिस्त आवडते तिला.
आई रथासमोर जाऊन उभी राहिली. डोळे भरून आले होते. मी म्हटलं, आई, थांब, ऊन कडक आहे, सेटिंग बदलतो. कॅमेऱ्याने भाषा विचारली. मग तारीख विचारली. मग शहर विचारलं. यादीत बेंगळुरू सापडेना.
तेवढ्यात शाळेची सहल आली, होसकोट्याची. मुलांनी आईला काहीतरी विचारलं. आईने रथाकडे पाठ केली आणि छत्रीच्या टोकाने मातीत रथ काढायला लागली. चाकं, खांब, पुढचे हत्ती, सगळं पाठ. मुलं एकदा मातीत बघत, एकदा रथाकडे, आणि कानडीत ओरडत. आईला कानडी येत नाही, त्यांना मराठी येत नव्हती. वर्ग झकास चालला होता. शेवटी टाळ्या.
मी कॅमेरा उचलला तेव्हा टाळ्या संपल्या होत्या. परत काढ म्हटलं. आई म्हणाली, परत कसं काढू रे?
नंतर गोपुरावरच्या पोपटाचे फोटो घेतले. झूम अफाट आहे.

७ डिसेंबर
हॉटेलात सगळे फोटो पाहिले. पोपट. पोपट उडाल्यावरची जागा. खार. गोपूर, जरा कलतं. आईचा एक: कोपर आणि छत्री. प्रकाश मात्र सुरेख पडलाय.
आई म्हणाली, असू दे, मी पाहिलं ना. कस्तुरीने कॅमेरा बॅगेच्या तळाशी कोंबला. परतीच्या गाडीत खिडकीकडे तोंड करून झोपली. प्रवासाचा शीण असावा.

१४ डिसेंबर, रविवार
होसकोट्याच्या शाळेतल्या अमृता मिसनी आईचा नंबर घेऊन ठेवला होता म्हणे. आज त्यांनी फोनवर काढलेला फोटो पाठवला. आई, छत्री, मातीतला रथ, मागे दगडाचा रथ, मुलांची उघडी तोंडं. आई हसते आहे. तशी हसताना मी तिला बऱ्याच वर्षांत पाहिलं नव्हतं.
तांत्रिकदृष्ट्या सामान्य. शिवाय कडेला एक माणूस पाठमोरा वाकून काहीतरी खुडबुडतोय, त्याच्याकडेच सगळं लक्ष जातं. म्हटलं, तेवढा भाग कापून देतो. आईने फोन काढून घेतला. म्हणाली, कापायचं नाही.
दुपारी कस्तुरीने जाऊन प्रिंट आणली. आत्ता आई नागपूरला मावशीशी व्हिडिओवर बोलते आहे, फोटो स्क्रीनपुढे धरून. मावशीने विचारलं, तो वाकलेला कोण गं?
आई म्हणाली, ‘तो सुमंत. तो फोटो काढतोय.’