घशातली साय

१० डिसेंबर १९५४
केनवडला पोचले. अमरावतीला शिकून झाल्यावर नर्स म्हणून ही माझी पहिलीच नेमणूक! दवाखाना दोन खोल्यांचा, पण दारात मोठा कडुनिंब आणि मागे गोड्या पाण्याची विहीर. डॉक्टर वाशीमहून पंधरवड्यातून एकदा येतात. एरवी मी आणि कंपाउंडर जानराव. त्यांनी चहाबरोबर मूठभर भाजलेले हरभरे दिले आणि सांगितलं, की इथं खरूज अन् हिवताप सोडला तर फारसं काही येत नाही.

१३ डिसेंबर
तांड्यावरून जमनाबाई सहा वर्षांच्या मुलाला घेऊन आली. नुसतं पडसं आहे म्हणाली. पण मान सुजून जबड्याएवढी झालेली, तोंडाला कुजका वास. चमच्यानं जीभ दाबली, तर घशात करडी साय. कापसानं टिपायला गेले तर रक्त आलं. घटसर्प. तेवढ्यात तो माझ्या तोंडावरच खोकला. जानरावांना तडक वाशीमला घटसर्पावरचं सिरम, टोचायचं औषध, आणायला पाठवलं.

१४ डिसेंबर
दुपारी मुलगा गेला. श्वास घेताना त्याच्या गळ्यात शिट्टी वाजायची. ती थांबली, आणि तशीच शिट्टी जमनाबाईच्या दोन्ही मुलींच्या गळ्यांतून ऐकू आली. लखमा आणि धनी. दोघींना आत घेतलं. भांडी उकळली. जानरावांचा निरोप आला: वाशीमला सिरम नाही, अकोल्याला जातोय.

१६ डिसेंबर
सकाळी आरशात घसा पाहिला. डावीकडे, नखाएवढी साय — आलीच.
गावातले मोठे शेतकरी बबनराव माणसं घेऊन आले. “नर्सबाई, तांड्याच्या लोकायले भाईर काढा, नाही तं आमी काढतो!”
मी पायरीवर गेले. तोंड उघडून दाखवलं. म्हटलं, आधी हे बघा, मग खुशाल आत या.
सगळे मागे सरले. मला हसू आलं. गिळताना कळ आली.

१७ डिसेंबर
जानराव आले. सिरम दोघींपुरतंच. आणखी परवाच्या गाडीनं. ते रडायला लागले.
“बाई, एक तुमीच घ्या. तुमीच गेल्या तं इथं कोन पाह्यील?”
नाही म्हटलं. दोन्ही सुया मीच टोचल्या.

१८ डिसेंबर
आवाज गेला. मान — झंपरचा हूक लागत नाही. शिट्टी आता माझ्याच गळ्यात.
लखमानं पेज प्यायली. धनीचा श्वास मोकळा झाला, झोप लागली.
जमनाबाईला दूर ढकलते. हलत नाही. म्हणते, “मले कायची भीती आता?”

१९ डिसेंबर
जानराव स्टेशनवर गेलेत. बसूनच श्वास — आडवं होता येत नाही.
माझ्यानंतर येणाऱ्या बाईंसाठी: तापाच्या प्रत्येक रोग्याचा घसा बघा. साय ओढू नका. सिरमची वाट बघत — नको, आधीच मागवा. मुलींना पंधरा दिवस उठू देऊ नका, हृदय दगा देतं.
कुणी रोग्यांना बाहेर काढायला आलं, तर दार सोडू नका. मी घाबरले होते. खूप. तरी सोडलं नाही. आताही खुर्ची दारातच टाकून मी —