फ्लायव्हीलचा पुलर

सोलापूर,
४ नोव्हेंबर १९७७

प्रिय शिवा,

तुझं पत्र पोचलं. इंजिनाचं ते जड चाक, फ्लायव्हील, न फुटता सुटलं, बोटीचं इंजिन चालू झालं आणि तुझी नोकरी वाचली, हे ऐकून अव्वानं देवापुढे साखर ठेवली. अप्पांच्या हाताचं कौतुक तू पानभर केलंयस. ते वाचून मला हसू आवरेना. अरे, किती भोळा रे तू!

आधी घरचं सांगते. अप्पांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय. गुढीपाडव्यापासून त्यांचा कातकामाचा लेथ बंद होता. तू धरणावर बोटींच्या कामाला लागलास, आता मागांचे सुटे भाग कातणार कोण, म्हणून त्यांनी लेथ बार्शीच्या निंगप्पांना द्यायचं कबूल केलं. दिवाळीआधी न्यायचं ठरलं होतं. तुला कळवू नको म्हणाले, तू नोकरी सोडून येशील याची त्यांना धास्ती. मला तर कुणी विचारलंच नाही. सासरहून परत आल्यापासून अप्पांच्या जोडीला मी उभी असते, हत्यारांना धार मी लावते, आणि लेथ जाणार हे मला बाजारात कळलं. जीव नुसता जळत होता.

त्यातच तुझं मागचं पत्र आलं. एक फ्लायव्हील तू हातोड्यानं ठोकून फोडलंस, दुसरं फुटलं तर घरी बसवतील आणि ते ओढून काढायचं कंपनीचं हत्यार, पुलर, परदेशातून कधी येईल याचा पत्ता नाही; तसाच अप्पांनी करून धाडावा. अप्पा म्हणाले, "मला दिसत न्हाय. जमनार न्हाय म्हनून कळव त्याला." मी कळवलं नाही. ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्याचा तुकडा आणला, चुलीत लाल केला आणि मऊ पडावा म्हणून राखेत पुरला. चूल अडली, भाकऱ्या लांबल्या, अव्वानं मला वाट्टेल ते सुनावलं. फ्लायव्हीलवर कोळसा चोळून उमटवलेला कागद तू पाठवला होतास. त्यावरून तीन भोकं मी चोळी बेतावी तशी बेतली. चाक फिरू नये म्हणून आवळायचा पट्टा धाडला ना, तोही मीच जुन्या मागाच्या चामड्यातून कापला.

पहिला पुलर तू परत धाडलास, बोल्ट शिरत नाहीत म्हणून. आपले माग विलायती मापाचे आणि तुझं इंजिन जपानी, आटे जुळणार कसे? सोलापुरातल्या कुणाचाही हात इथंच चुकला असता. मग मेणबत्ती ऊन करून फ्लायव्हीलच्या भोकात पिळ आणि तशीच जपून पाठव, असं अप्पांच्या नावानं जे पत्र तुला आलं, ते माझं. पुलर अक्कानं केलाय म्हटलं असतं, तर तू भीत भीतच लावला असतास!

मेणबत्तीवर उमटलेले आटे अप्पांनी नखानं चाचपले आणि लेथचा कुठला गिअर बदलायचा तेवढं सांगितलं. बाकी कातकाम सगळं माझं. पहिला बोल्ट त्यांच्या हातात दिला, तेव्हा कितीतरी वेळ तो फिरवत बसले. मला इतका अभिमान वाटला शिवा, की दुसऱ्या दिवशी भाजी आणायला मी ताठ मानेनं गेले. लेथ जाणार ते जाणारच होता, तरीसुद्धा.

आज सकाळी तुझं पत्र मी अप्पांना वाचून दाखवत होते. असेच आणखी पुलर दुसऱ्या बोटींनाही हवेत, मिस्त्रीचं नाव कागदावर घालायला कळवा, असं तुझ्या साहेबांनी सांगितल्याचं तू लिहिलंस. ती ओळ मी दोनदा वाचली. तेवढ्यात निंगप्पा टेम्पो घेऊन दारात. "चला अप्पा, उचलू या की," म्हणाले. अप्पा जागचे हलले नाहीत. म्हणाले, "न्हाय जमायचं. लेथ रिकामा न्हाय. माझी लेक काम करती हाय त्यावर." मग अप्पा माझ्याकडे वळून म्हणाले, "हेमा, आत्ताच्या आत्ता लिही त्याला. माझं नाव घालू नगं म्हनावं." म्हणून लगोलग लिहायला बसलेय. साहेबांना नाव नीट सांग, अक्षर चुकवू नकोस.

तुझीच अक्का,
हेमावती मिस्त्री