तुझ्या निधनाबद्दल थोडंसं

प्रिय मित्र फेर्मो यास,

आदेल्मोचा नमस्कार. (माझा राग अजून गेलेला नाही, पण नमस्कार ही वेगळी गोष्ट आहे, ती रागातही करता येते.) तुझी प्रकृती ठणठणीत असेल अशी आशा करतो. हे वाक्य लोक पत्राच्या सुरुवातीला रीत म्हणून लिहितात. मी मात्र अगदी मनापासून लिहितोय, कारण गेल्या रविवारी दुपारी तू आपल्या गावात वारलास आणि दिवेलागणीपर्यंत वारलेलाच होतास. तिकडे तोरिनोला तुला याची काहीच कल्पना नसणार, म्हणून सविस्तर कळवणं माझं कर्तव्य आहे. त्याआधी तू पाठवलेल्या चॉकलेटच्या डब्याबद्दल आभार. आत चिठ्ठी नव्हती, म्हणजे तुझाही राग कायम आहे हे समजलं, पण हेझलनटवाली पाठवलीस, म्हणजे मला काय आवडतं हे रागातही तुझ्या लक्षात आहे. आमच्या हिने, दिर्चेने, मला त्यातली दोनच दिली, बाकीची साखरेचं कारण सांगून स्वतः खाल्ली, आणि तिने तुला नमस्कार सांगितला आहे. सबिनाने तिला फोनवर सांगितलं म्हणे की बाबा आता कायमचे इकडेच राहायचं म्हणतात. लेकीकडे राहायचं की नाही हा तुझा प्रश्न आहे. मला त्याने काही फरक पडत नाही.

आता मुद्द्यावर येतो. तू टीव्हीवर मोटारींच्या शर्यती बघणं सोडलंस त्याची ही काही पहिली खेप नव्हे. शर्यतीत मध्येच थांबून पेट्रोल भरणं बंद झालं तेव्हा तू सोडलंस. इंजिनं लहान झाली आणि आवाज गेला तेव्हा तर तू दंडाला काळी फीत बांधून आठवडाभर गावातून फिरलास. चालकाच्या डोक्यावर ती चपलेच्या पट्ट्यासारखी कमान आली तेव्हा 'हे आता माझ्या डोळ्यांना बघवत नाही' असं म्हणून लोरेत्ताच्या बारमधून उठून गेलास (आणि खिडकीबाहेर उभा राहून उरलेली शर्यत पाहिलीस, ते सगळ्यांनी पाहिलं). आणि दर वेळी आपली लाल गाडी जिंकली की पुढच्या रविवारी असा येऊन खुर्चीत बसायचास, जणू मधल्या काळात नुसता लघवीला जाऊन आलास. मी तुला हसतो, पण माझं तरी काय वेगळं आहे? आपण हरतो तेव्हा नियम गाढवांनी केलेले असतात, आणि जिंकतो तेव्हा त्या नियमांइतकं शहाणपण जगात दुसरीकडे कुठे नसतं. सगळं गाव असंच आहे. पण बाकीच्यांनी शर्यत सोडली की ते घरी झोपा काढतात, तू एकटाच असा की रुसून दुसऱ्या शहरात जातोस.

यंदाचे नियम वाईट आहेत, हे मी तेव्हाही कबूल केलं होतं. अर्धी ताकद बॅटरीची, आणि ती पुरवण्यासाठी चालकाने सरळ रस्त्यावर पेडलवरचा पाय उचलायचा. 'वेगात जायचं म्हणून हळू जायचं, ही शर्यत नव्हे, ही माझ्या आईची गॅस वाचवायची पद्धत आहे,' असं तू म्हणालास आणि अख्खा बार हसला, मीही हसलो. पण मग मी म्हणालो की गाड्या एकमेकींना मागे टाकतात तरी, आधी नुसती वरात चालायची. त्यावर तू म्हणालास, तुला शर्यतीतलं काही कळत नाही, तुला नुसता घंटेचा दोर ओढता येतो. मी म्हणालो, तुला नुसता आवाज कळतो, तुला मिक्सर लावून दिला तरी तू टाळ्या वाजवशील. आपण याहून वाईट बोललो आहोत एकमेकांना, पण या वेळी तू टोपी घातलीस आणि त्याच आठवड्यात तोरिनोची गाडी पकडलीस. तुझ्या मागोमाग बाकीचेही पांगले. एके काळी जिथे उभं राहायला जागा नसायची, तिथे आता रविवारी मी, लोरेत्ता आणि लोरेत्ताची मांजर असे तिघेच असतो. त्यातही मांजर शर्यतीकडे पाठ करून बसते.

तर गेल्या रविवारी आम्ही तिघे बसलो होतो. लोरेत्ता पेले पुसता पुसता डुलक्या काढत होती, मी गळ्याला रुमाल खोचून सलामीचे काप आणि न्योक्कोच्या गरम पुऱ्या खात होतो, आणि आपली लाल गाडी दुसरी होती. (किती वर्षं आपण दुसरेच असतो हे तुला मी काय सांगायचं?) आणि शेवटच्या फेरीत, फेर्मो, पहिल्याची बॅटरी संपली. आपल्या पोराने मात्र पाय उचलून उचलून, अगदी तुझ्या आईसारखी, थेंब थेंब वाचवून ठेवली होती. ती त्याने शेवटच्या वळणानंतर एकदम सोडली आणि तो पुढे गेला. आपण जिंकलो. लोरेत्ता दचकून जागी झाली आणि म्हणाली, 'काय फुटलं?' काहीच फुटलं नव्हतं, मी ओरडलो होतो.

आता आपली रीत तुला ठाऊक आहे. लाल गाडी जिंकली की चर्चची थोरली घंटा वाजलीच पाहिजे. मी रुमालासकट धावत सुटलो. फादर विनिचियो शेजारच्या गावी बाप्तिस्म्याच्या जेवणाला गेले होते, पण मनोऱ्याची चावी माझ्याच कमरेला असते. वर गेलो, थोरलीच्या दोराला लोंबकळलो. ती ढिम्म हलेना. पुन्हा ओढली, तर नुसती कण्हली. इतकी वर्षं ती घंटा आपण दोघांनी वाजवली, एकाने ओढायची आणि दुसऱ्याने सोडायची, त्यामुळे मला आपलं वाटायचं की ती मीच वाजवतो आणि तू नुसता दोराला टेकून उभा असतोस. (तुलाही माझ्याबद्दल तसंच वाटत असणार, म्हणून मुकाट्याने लिहून टाकतो.) पण जिंकल्यावर घंटा नाही म्हणजे काय? तेव्हा मी धाकटी वाजवली. ती एकट्याला झेपते. जोरजोरात, उडत्या चालीत वाजवायची असं मनात होतं, पण चार झटक्यांत उजवा खांदा धरला. मग एक टोला, की थांबून श्वास, की पुन्हा एक टोला, अशी ती वाजत राहिली. आपल्याकडे धाकटी घंटा अशी कधी वाजवतात हे त्या आनंदात माझ्या डोक्यातच आलं नाही.

खाली उतरलो तर चौकात निम्मं गाव. शर्यत कोणीच पाहिली नव्हती, सगळे झोपेतून उठून आलेले, नांदो खाटीक तर एकाच पायात चप्पल घालून. आणि त्यांच्यासमोर मी, घामाघूम, डोळ्यांतून आनंदाने पाणी वाहतंय, रुमालाने ते पुसतोय. शिवणकामवाली एर्सिलिया पुढे झाली आणि हळूच म्हणाली, 'आदेल्मो, कोण गेलं?' मला धाप लागलेली, एक अख्खं वाक्य काही तोंडातून निघेना. जे मनात होतं तेवढंच बाहेर पडलं. मी म्हणालो, 'फेर्मो... फेर्मो आज हवा होता.'

झालं. तू तिथेच वारलास. एर्सिलियाने हंबरडा फोडला. (ती इतकी का रडली याची गावात अजून चर्चा आहे, मी त्यात पडत नाही.) नांदोने मला छातीशी धरलं आणि म्हणाला, 'बोलू नकोस, रडून घे.' मी म्हणालो, 'अरे, आपण जिंकलो.' तर तो बाकीच्यांकडे बघून म्हणाला, 'धक्का डोक्यात गेलाय बिचाऱ्याच्या.' मी दुसऱ्यांदा सांगायला गेलो तर कोणीतरी मला खुर्चीत बसवून तोंडाला ग्राप्पाचा पेला लावला. दिर्चे आली, तिने माझं तोंड बघितलं आणि काही न विचारता सरळ घरी जाऊन मोठ्या पातेल्यात सूप चढवलं, कारण अशा वेळी शंभर माणसं येणार हे तिला कळतं. फादर विनिचियोंना कोणी फोन केला देव जाणे, ते बाप्तिस्म्याच्या मिठाईचा चुरा झग्यावर घेऊन तसेच आले आणि त्यांनी जपमाळेची प्रार्थना सुरू केली.

आणि काय काय बोलले तुझ्याबद्दल. नांदो म्हणाला, फेर्मोसारखा प्रामाणिक माणूस नाही, तोंडावर शिव्या दिल्या पण पाठीमागे कधी नाही. (पाठीमागे देतोस, मी ऐकल्या आहेत, पण ती वेळ नव्हती.) लोहाराच्या बायकोने सांगितलं की तिचा नवरा दवाखान्यात होता तेव्हा तू रोज तिची कोंबडी-बदकं बघायचास आणि कोणाला सांगू नकोस म्हणायचास. हे मला ठाऊकच नव्हतं. इतकी वर्षं रोज तुझ्याशी भांडतो मी, आणि हे मला ठाऊक नव्हतं. सगळ्यांचं एकमत झालं की त्या नव्या नियमांनीच तुझा जीव घेतला, आणि शर्यतवाल्यांना तसं कळवलं पाहिजे.

तेवढ्यात बारमध्ये लोरेत्ताने संध्याकाळच्या बातम्यांसाठी टीव्हीचा आवाज मोठा केला, आणि प्रार्थनेच्या मधोमध, विजेत्यासाठी वाजवतात ते आपलं राष्ट्रगीत सुरू झालं. सगळे थांबले. फादरही थांबले. नांदो माझ्याकडे वळला आणि फार सावकाश म्हणाला, 'आदेल्मो, फेर्मो कुठे आहे?' मी म्हणालो, 'तोरिनोला. लेकीकडे. चॉकलेटं पाठवलीत त्याने.' एर्सिलियाने मला प्रार्थनेच्या पुस्तकाने मारलं, दोनदा, आणि पुस्तक जाड बांधणीचं आहे. पण मग नांदो हसायला लागला, आणि त्याच्यामागून सगळे, आणि पुढच्या घटकेला लोरेत्ताच्या बारमध्ये उभं राहायला जागा नव्हती. तीच शेवटची फेरी पुन्हा पुन्हा दाखवत होते आणि ज्यांनी शर्यतींचं नाव टाकलं होतं ते सगळे दर वेळी तितकेच ओरडत होते. 'पाय उचलला, बघा, इथे उचलला,' असं नांदो सगळ्यांना समजावत होता, जणू नियम त्यानेच लिहिले. दिर्चेने तुझ्या दुःखासाठी केलेल्या सुपात सारण भरलेले तोर्तेल्लीनी सोडले आणि ते सगळं आनंदासाठी वाढलं. तिने वाढायला घेतलं तेव्हा फादरनी आभाराची छोटी प्रार्थना म्हटली, फेर्मो जिवंत आहे म्हणून आणि लाल गाडी जिंकली म्हणून, या क्रमाने. फेर्मो, मला त्या वेळी फार बरं वाटलं. इतकं भरलेलं गाव मी कित्येक दिवसांत पाहिलं नव्हतं, आणि ते तुझ्यामुळे जमलं. त्याबद्दल तुझे मनापासून आभार मानावेत म्हणून हे पत्र लिहितोय, दुसरं काही कारण नाही.

सबिनाला आशीर्वाद. थंडी पडायला लागली असेल, छातीला जप.

तुझा
आदेल्मो

ता. क. - पत्र पाकिटात घालणार तेवढ्यात आठवलं, एक सांगायचं राहिलं. त्याच संध्याकाळी पंचांनी आपल्या गाडीखालची फळी मोजली, ती म्हणे नियमापेक्षा नखभर जास्त झिजली होती, आणि त्यांनी आपला निकालच रद्द केला. म्हणजे त्या दिवशी कोणी मेलंही नव्हतं आणि आपण जिंकलोही नव्हतो. तोवर पातेलं रिकामं झालं होतं. नांदोने लगेच शर्यती कायमच्या सोडल्या. पुढच्या रविवारी किती वाजता सुरू आहे, हे मात्र जाताना विचारून गेला.

ता. क. दुसरं - थोरली घंटा एकट्याने वाजत नाही, हे वर लिहिलंच आहे. नांदोला लावून पाहिलं, तो ओढतो तेव्हाच मी ओढतो, काही जमत नाही. तेव्हा तू ये. शर्यत बघायची सक्ती नाही, तू बारच्या बाहेर बस, नियमांना शिव्या दे, मी हो ला हो म्हणेन. तोरिनोला माणूस नातवंडं बघायला जातो, राहायला नाही.

ता. क. तिसरं, आणि हे सबिनाला वाचून दाखवू नकोस. घंटा मी वाजवली होती, कशासाठी वाजवली हे गावात मला एकट्याला ठाऊक होतं. तरीसुद्धा चौकातले सगळे रडायला लागले, तेव्हा माझाही विश्वास डळमळला. वाटलं, तोरिनोहून खरंच काही कळलं असेल यांना, आणि मला सांगायचं कोणाला धाडस होत नसेल. म्हणून मी खुर्चीतून उठून लोरेत्ताच्या मागच्या खोलीत गेलो. त्या दुपारी तुम्हाला एक फोन आला होता, तू उचललास, आणि पलीकडून कोणी बोललं नाही. तू म्हणालास, 'कोण आहे रे, तोंड आहे का नाही?' मी होतो. होतं तोंड. बोलता आलं नाही.