कोठीतल्या उंदरांचं गणित

३ जून
पाय दुखतात. कोठीत पुन्हा पिठाचं पोतं कुरतडलेलं. महिनाअखेर तपासणीचा साहेब येणार. त्याला एक लेंडी दिसली तरी कॉलेजचं कँटीन माझ्या हातून गेलं. हे म्हणाले, औषध मारून घे. घरात थोरली लेक शिकारी-सावजाच्या गणितावर पीएचडी करतेय, आणि मी औषध मारू?

४ जून
थोरलीने कॉम्प्युटरवर दाखवलं. निळे ठिपके सावज, लाल शिकारी. मी उंदीर-मांजर धरलं. लाल मधोमध टाकले की निळे पळतात, लाल मागोमाग पसरतात. लाटच. शिकारी खाल्लं तर वाढतो, उपाशी राहिला तर मरतो. एवढ्याला पाच वर्षं? मला चहा गाळेपर्यंत समजलं. चौकटीच्या कडा बंद धरल्यात, बाहेर कुणी जात नाही, असंही म्हणाली. बरं. माझ्या कोठीलाही भिंती आहेत.

७ जून
मागच्या गल्लीतली दोन मांजरं कोठीत मधोमध सोडली, स्क्रीनवर होती तशी. आचारी हसला. हसू दे. निश्चय: त्यांना खायला घालायचं नाही. गणित बिघडतं.

८ जून
थोडं दूध दिलं. नवी जागा, बावरलीत. आजच्यापुरतं.

११ जून
साय उरली होती. उरलेलं हिशेबात धरायचं नसतं. मांजरं झोपून आहेत. पसरायची वाट बघतेय.

१५ जून
थोरलीने विचारलं, खायला घालतेस का? नाही म्हटलं. तुकडा टाकणं म्हणजे खायला घालणं नव्हे. प्रबंधात माझं नाव घाल म्हटलं, तर दार लावून घेतलं. काम संपत नसलं की अशी चिडचिड होते.

२१ जून
कोठीत उंदीर दिसेनात. लाट आली. ह्यांना जेवताना दोनदा ऐकवलं. हे म्हणाले, गेले पण कुठे? बायकोचं चांगलं झालेलं बघवत नाही.

३० जून
तपासणी. साहेबाने कोठी पाहिली, मान डोलावली. सही करायला जेवणाच्या हॉलमध्ये बसला. तिथे फ्रिजमागून उंदीर निघाला आणि त्याच्या बुटावरून गेला. मागून आणखी दोन. निवांत. कोठीतून हॉलमध्ये भिंतीला भोक आहे, हे आचाऱ्याने म्हणे मला सांगितलं होतं. कामाच्या गर्दीत कोण ऐकतंय. मी धावत मांजर आणून साहेबासमोर ठेवलं. मांजराने उंदरांकडे पाहिलंही नाही. टेबलावर चढलं आणि साहेबाच्या कपात तोंड घातलं.
सही झाली नाही.

६ जुलै
कॉलेजने कँटीन पलीकडच्या खानावळवालीला दिलं. तिला भाजी चिरायला बाई हवीय. हो म्हटलं, काय करणार. उद्या सातला जायचं. गणिताचा विषय पहिल्याच दिवशी काढणार नाही. तिला आधी माझ्या हाताचं काम बघू दे.