आप्पांची म्हणून दिलेली भैरवी

११ जाने., रवि.
सदलग्याला जाऊन आलो. बाबूआप्पा दारात बनियनवर बसून ट्रम्पेट पुसत होते. पन्नासेक वर्षं बँडचे मास्तर. पुढच्या सोमवारी निपाणीत उरलेले सगळे दात काढणार. कवळी आली की ओठाला मागून आधार राहत नाही, वाजवणं संपलं. म्हणाले, "एकदा धरून ठेव बाबा. मी कसा वाजवतो ते मी कधी ऐकलंच न्हाय बघ."
खरंच नाही. लग्नांच्या व्हिडिओंत असतील, पण त्यावर नंतर सिनेमाची गाणी चढवलेली.
"माझ्यावर सोडा," म्हणालो. छाती फुगवून. साहित्य काय, तर तळहाताएवढा एक रेकॉर्डर आणि हेडफोन. कॉलेजातल्या क्लार्कची हौस. घरी सांगितलं तर बायको म्हणते, "आपल्या लग्नात टेपवर भागवलासा, आता बँडाच्या मागं लागलाय व्हय!"

१४ जाने., बुध.
संक्रांत. तीळगूळ वाटायच्या निमित्ताने वडगावला भावाकडे. त्याच्या कापड विणायच्या मागाच्या खोलीतून एक बांबू उचलला. वाळू भरलेल्या तेलाच्या डब्यात उभा केला, वर रेकॉर्डर सायकलच्या ट्यूबने बांधला. झाला स्टँड. फोटो काढून चार जणांना पाठवला. हा माझा स्वभाव.

१७ जाने., शनि.
सदलगा. देवळापुढे ट्रायल. अकरा माणसं, माईक एकच, त्यामुळे माणसंच हलवायची. पहिल्या खेपेला नुसता ढोल ऐकू आला. ढोलवाल्याला पार पिंपळाखाली पाठवलं. तो रुसून म्हणाला, "मला बेळगावातच उभं करा की!" क्लॅरिनेट पुढे, ट्रम्पेट डाव्या अंगाला चार पावलांवर.
आप्पा ओट्यावर चहा घेत बसलेले. "दातं हालालेत. उद्यासाठी ठेवतो." त्यांच्या जागी त्यांचा मुलगा सुरेश. आरतीपासून भैरवीपर्यंत सगळं त्यानेच वाजवलं. मला आवडलं. आप्पा सगळ्यांदेखत म्हणाले, "कोरडं वाजवतोस. आतनं येत न्हाय." बेचाळीस वर्षांचा माणूस, खाली मान घालून उभा.
ट्रायल रेकॉर्ड केली. स्वच्छ आली.

१८ जाने., रवि.
लिहायला हात धजत नाही.
सकाळी अर्धं गाव जमलं. मी आधी सगळ्यांचे मोबाईल बंद करायला लावले. एक बाई व्हिडिओ काढत होती, तिच्यावर तर खेकसलोच. "आवाज नासतोय, आत ठेवा ते." फार शहाणा.
आप्पांनी वाजवलं. भैरवीत वरच्या सुरावर थांबले, तेव्हा ढोलवालाही टिपरू धरून नुसता ऐकत राहिला. हेडफोनात मला त्यांचा श्वास ऐकू येत होता.
कार्डात काहीही नाही.
बटण दोनदा दाबायचं असतं. एकदा दाबलं की तांबडा दिवा लुकलुकतो, कानात सगळं येतं, पण यंत्र नुसतं तयारीत राहतं. दुसऱ्यांदा दाबलं की दिवा स्थिर, तेव्हा रेकॉर्डिंग. त्या बाईवर ओरडायच्या नादात दुसऱ्यांदा दाबलंच नाही. तो लुकलुकता दिवा पाऊण तास माझ्या डोळ्यांपुढे होता.
हे कळलं तेव्हा आप्पा समोरच. रुमालावर ओठाचं रक्त. "आलं का रं?"
"एक नंबर आलंय, आप्पा."
पुन्हा वाजवा म्हणता आलं असतं. दात अजून तोंडात होते, माणसं जागेवर होती. त्या बाईसमोर तोंड उघडायची लाज वाटली. बस, एवढंच कारण.

१९ जाने., सोम.
सुरेशचा फोन. "काढले सगळे." मी "बरं" म्हणालो.

२३ जाने., शुक्र.
निरोप तिसऱ्यांदा. आप्पा वाट बघतायत.
ट्रायलची फाइल काढली. सुरुवातीचं बोलणं कापलं. नाव दिलं: बाबूआप्पा, १८ जाने. लोकांचा गलबला, टाळ्या का नाहीत असं कुणी विचारलं तर "मुद्दाम काढल्या" सांगायचं, हेही आरशासमोर म्हणून पाहिलं. हे सगळं शुद्धीत बसून केलं.

२५ जाने., रवि.
सदलगा. आप्पांचे गाल आत गेलेत. छोट्या स्पीकरवर लावलं. बाकीचे बँडवाले नेमके दुसऱ्या बँडात भाड्याने वाजवायला गेलेले, घरात आम्ही तिघंच.
आप्पा डोळे मिटून ऐकत होते. "ह्यो मी?" मी मान हलवली. आपलं वाजवणं बाहेरून कधी ऐकलेलं नाही, ओळखणार कसं? भैरवीला रडले. मग सुरेशकडे वळून, बोळक्या तोंडाने: "ऐक नीट. ह्याला वाजवणं म्हणत्यात. तुला जलमात जमलं का असं?"
सुरेशने माझ्याकडे पाहिलं. त्याने पहिल्या ओळीतच ओळखलं होतं. आत जाऊन चहा घेऊन आला. पहिला कप मला दिला.
मी तो प्यालो. थू माझ्यावर.

२६ जाने., सोम.
झेंडावंदन उरकून बाहेर येतो, तर कॉलेजच्या फाटकाशी सुरेश. मोटारसायकलवरून आलेला. मी सरळ म्हणालो, "चल, आत्ता जाऊन सांगतो त्यांना."
"नको. म्हातारा तुमचा तो स्पीकर उशाशी घेऊन बसलाय. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा माझं वाजवणं त्यास्नी आवडलंय, अण्णा." हसायला गेला, जमलं नाही. शिव्या घालेल असं वाटलं होतं. घालायला हव्या होत्या.

३१ जाने., शनि.
आप्पांचा स्वतःहून फोन. शब्द नीट लागत नाहीत, दोनदा विचारावं लागलं.
"सुऱ्यानं ट्रम्पेट माळ्यावर टाकलंय. बँड मोडा म्हणतोय. माझ्यासारखं जमणार न्हाय असं मनानं घेतलंय पोरानं. तुझं ऐकतोय तो. ये, आणि समजाव त्याला."
मी म्हणालो, "येतो आप्पा, रविवारी."
उद्या रविवार.