रविवारनंतरचं रक्त

पप्पा, आधी तुम्हाला लॉग म्हणजे काय ते सांगते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही आणि तुम्ही नुसती मान हलवाल. परळच्या एका धर्मादाय रुग्णालयाच्या लॅबचं कॉम्प्युटरचं काम आमच्या दादरच्या छोट्या कंपनीकडे आहे. कुणाचं रक्त तपासलं, त्यात काय निघालं, हे सगळं एका डेटाबेसमध्ये साठतं. त्याची पूर्ण प्रत आम्ही दर रविवारी आमच्या ऑफिसातल्या वेगळ्या डिस्कवर काढतो. पण मधल्या दिवसांत जे भरलं जातं ते त्या प्रतीत नसतं. म्हणून डेटाबेस आपला प्रत्येक बदल एका फाइलीतही उतरवत जातो. तो लॉग. एक लॉग भरला की एक स्क्रिप्ट, म्हणजे आपोआप चालणारा दोन-चार ओळींचा हुकूम, तो क्लाउडवर, दूरच्या सुरक्षित साठवणीत, पाठवते आणि डेटाबेसला सांगते, पोचलं. तिनं पोचलं म्हटलं की डेटाबेस निर्धास्त होतो आणि स्वतःकडचा लॉग पुसून टाकतो. मग मशीन बंद पडलं तरी रविवारची प्रत घ्यायची, त्यावर एकेक लॉग चढवायचा, आणि सगळं जसंच्या तसं उभं राहतं. नोकरीला लागले तेव्हा हे समजल्यावर मला फार बरं वाटलं होतं. काहीच कायमचं जात नाही, असं काहीतरी.

तुम्ही मात्र ‘पोचलो’ असं कधी म्हणालाच नाहीत. तुमचं नेहमी ‘पोचलोच’. गिऱ्हाईकाला पोचलोच, आईला पोचलोच, माझ्या शाळेच्या बाईंनासुद्धा पोचलोच. लालबागच्या आपल्या खोलीत आई ओट्याशी चपात्या लाटतेय, मी तुम्हाला फोन लावतेय, आणि आई मागे न बघता म्हणतेय, “पोचलोच बोलला ना तुझा बाप? म्हणजे अजून टॅक्सी पुसतोय. बस आता उपाशी.” तुम्ही आल्यावर ती हेच तुमच्या तोंडावर म्हणायची आणि तुम्ही हसायचात, “अगो, टॅक्सी पण माणूसच हाय, तिला आंघोळ नको?” एकदा तुम्ही लॅमिंग्टन रोडवरून माझ्यासाठी जुना कीबोर्ड आणलात. नुसता कीबोर्ड. कॉम्प्युटर कुठाय, म्हणून मी विचारलं तर म्हणालात, “तो मागून पोचतोयच. तोवर हात बसव.” मी तो जमिनीवर ठेवून, कुठलाही पडदा नसताना, आपल्या तिघांची नावं टाइप करायचे. कॉम्प्युटर काही पोचला नाही, पण हात बसला. आपल्या घरात पदवीपर्यंत कुणीच गेलं नव्हतं. मी गेले, ती त्या कीबोर्डवरून.

आणि मग अकरावीच्या प्रवेशाचा तो दिवस. तुमची सही लागणार होती. मी दादरच्या कॉलेजच्या फाटकाशी उभी आहे, आत खिडकीवर रांग सरकतेय, आणि तुम्ही फोनवर पोचलोच म्हणताय. तुम्ही आलात तेव्हा खिडकी बंद झाली होती. शिपायाच्या हातापाया पडून तुम्ही ती उघडवलीत, सही केलीत, आणि मी घरी येईपर्यंत तुमच्याशी एक शब्द बोलले नाही. तुम्ही कायमचे गेल्यावर टॅक्सी स्टँडवरच्या काकांनी सांगितलं, त्या दिवशी तुम्ही परळला दवाखान्यात रिपोर्ट घ्यायला गेला होता. पोटदुखीचं विचारलं तर आम्हाला तुम्ही म्हणाला होतात, “काय नाय, ॲसिडिटी. डॉक्टर बोलला चहा कमी कर.” आणि ते खरं वाटावं म्हणून तुम्ही आठवडाभर खरंच चहा सोडलात. आईनं तर तुमचा कपही फळीवर वर ठेवून दिला. इतकं व्यवस्थित खोटं तुम्ही आयुष्यात दुसरं बोलला नसाल. आम्हाला काळजी वाटू नये म्हणून बोललात, हे मला कळतं. पण तेव्हा कळलं असतं तर उपचार झाले असते का, हे आता कोण सांगणार? पप्पा, याचा राग अजून गेलेला नाही.

या गुरुवारी दुपारी लॅबच्या मशीनची डिस्क गेली. मी घाबरले नाही. रविवारची प्रत नव्या मशीनवर चढवली आणि डेटाबेसला क्लाउडवरून लॉग मागवायला सांगितलं. पहिलाच लॉग सापडेना. क्लाउडवर जाऊन पाहिलं तर तिथली शेवटची फाइल कित्येक आठवड्यांपूर्वीची. इकडे आमच्या नोंदींत मात्र ओळीनं पोचलं, पोचलं, पोचलं. मी स्क्रिप्ट उघडली. पहिल्या ओळीत लॉग पाठवायचा, दुसऱ्या ओळीत त्याची नोंद करायची. शेवटची ओळ जमली की पूर्ण काम जमलं, असं मशीन धरतं. क्लाउडची किल्ली, म्हणजे तिथं शिरायचा पासवर्ड, मधेच कधीतरी मुदत संपून बंद पडली होती, त्यामुळे पहिली ओळ रोज फसत होती. दुसरी ओळ रोज नोंद करत होती, आणि नोंद करणं काही अवघड नव्हतं. माझा विश्वास बसेना, म्हणून मी मुद्दाम जगात नसलेल्या फाइलीचं नाव देऊन ती चालवली. तरी म्हणाली, पोचलं. ती स्क्रिप्ट लिहिणारा मी यायच्या आधीच सोडून गेलाय. पण रोज सकाळी पडद्यावर ‘पोचलं’च्या पुढची हिरवी खूण मी बघत होते, आणि एकदाही प्रत्यक्ष प्रत उभी करून पाहावी असं कुणी म्हटलं नाही, मीही नाही.

म्हणजे रविवारनंतर लॅबमध्ये जे तपासलं गेलं ते सगळं गेलं. तिथले डॉक्टर रिपोर्ट पडद्यावरच बघतात, कागद काढत नाहीत. रक्त तपासायच्या यंत्रात आदल्या दिवसाचं राहत नाही. नमुने टाकून दिलेले. आणि त्या लॅबला सगळ्यात जास्त रक्त येतं ते लहान मुलांच्या कॅन्सरच्या वॉर्डातून. औषध चढवायच्या आधी त्यांचं रक्त बघावं लागतं, पेशींचे आकडे कमी असले तर औषध थांबवतात. आकडेच नसले तर चढवता येत नाही. त्या सगळ्या मुलांना पुन्हा सुई.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या कंपनीचे सर मला घेऊन तिकडे निघाले. परळच्या पुलाखाली हात चोळत म्हणाले, “हे बघ, डिस्क गेली एवढंच बोलायचं. ते खोटं आहे का?”

“नाही सर. पण डिस्क गेल्यामुळे रिपोर्ट गेले नाहीत. बॅकअप पोचत नव्हता म्हणून गेले.”

“तुला कुणी विचारलं तर सांग. आपणहून नको.”

लॅबच्या प्रमुख मॅडमनी मलाच विचारलं, सरांना नाही. “यात तुमची काही चूक?” मी सगळं सांगितलं. किल्ली, दुसरी ओळ, हिरवी खूण. मॅडमनी पेनाला टोपण लावलं. मग म्हणाल्या, “म्हणजे डिस्क गेली नसती तर तुम्हाला हे कळलंच नसतं?” मी म्हटलं, “नाही.” त्यांनी ते लेखी मागितलं. मी तिथंच बसून लिहून दिलं. बाहेर व्हरांड्यात सर म्हणाले, “हरिश्चंद्राची बहीण लागून गेलीस का गं? काम गेलं ना हे, तर सगळ्यात आधी तू घरी. आईला काय सांगशील?” पण पप्पा, खोटं कशाला सांगू, आतून मी ताठ होते. निदान इथं तरी वेळेत खरं बोललं गेलं, असं वाटत होतं, आणि ते तुम्हाला ऐकू जावं असंही.

नवी किल्ली घालून, ती नोंदीची ओळ काढून, मी स्क्रिप्ट नीट केली. आता लॉग पोचला नाही तर ती तसं सांगते, आणि डेटाबेस पुसत नाही. एक प्रत पूर्ण उभी करून तपासली. उठले तर रक्त घ्यायच्या खोलीबाहेरच्या बाकांवर मुलं आणून बसवलेली. एक सहा-सात वर्षांची मुलगी, डोक्यावर टोपी, आपल्या आईच्या मांडीवर. तिनं स्वतःच बाही वर केली आणि नर्सला म्हणाली, “मावशी, ह्या हाताची नको, ती नस पळती. त्या हाताची घ्या.” जशी एखादी मुलगी वेणी कुठल्या बाजूला घालायची ते सांगते तशी.

तिची आई जालन्याकडची असावी. “परवाच तर दिलं की हो रक्त,” ती म्हणाली. “ते गेलं कुठं? आज औषध चढणार होतं, आता उद्या म्हणतेत. उद्या बेड मिळंल का?”

नर्स वैतागलेली होती. “मला काय विचारता ताई, कॉम्प्युटरवाले आलेत सकाळपासून, त्यांना विचारा.”

बाई वळली. माझ्या खांद्याला लॅपटॉपची पिशवी होती. “तुम्हीच का हो कॉम्प्युटरवाल्या?”

मॅडमना सांगितलेली सगळी वाक्यं माझ्याकडे तयार होती. मी म्हटलं, “नाही. मी पेशंटबरोबर आलेय.”

“कोण आहे तुमचं?”

“वडील,” मी म्हटलं.

तिच्या चेहऱ्यावरचा राग गेला. मुलीला मांडीवर जरा अलीकडे ओढून तिनं मला बाकावर जागा करून दिली. “होतील बरे,” ती म्हणाली. “इथं चांगलं बघतेत. बसा, उभ्या का?” मी बसले. मुलगी आत गेली, नस दोनदा पळाली, ती ओरडली, आणि मी तिच्या आईशेजारी पेशंटची मुलगी म्हणून बसून राहिले.

लेखी दिलेल्या कागदात हे नाही. आईला सांगितलेलं नाही. तुम्हाला पाठवता आलं असतं तरी पाठवलं नसतं, कारण खरी गोष्ट ही आहे की ती ‘होतील बरे’ म्हणाली तेव्हा मला धीर आला होता, आणि मला तिनं ते अजून एकदा म्हणायला हवं होतं.